दांडा नसलेली हापशी

ताई, नमस्कार. दर्यापूर तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. वाढदिवस, लग्नपत्रिका, निवडणूक आली की बॅनर. त्याआधी वडिलांसोबत ब्रशनं पाट्या रंगवायचो. आमच्या गावातल्या एका मुलीनं कादंबरी लिहिली आहे. वय १९, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पन्नास वर्षांनंतरचं गाव, जमिनीतलं सगळं पाणी खारं झालेलं, गोडं पाणी कंपनी कार्डावर देते आणि शाळेच्या पुस्तकातून ‘नदी’ हा शब्दच काढून टाकलाय, अशी गोष्ट. याला डिस्टोपियन म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. प्रकाशक म्हणतो, कव्हर तुम्हीच करून आणा, नाहीतर आम्ही एआयनं करून देऊ. मी तीन नमुने केले, सोबत पाठवतो. तिला एकही आवडला नाही असं वाटतं, पण ती बोलत नाही, नुसती मान हलवते. तिनं वहीच्या मागच्या पानावर काढलेलं एक चित्रही पाठवतो. गावातले एक पुढारी छपाईला दहा हजार देतो म्हणतात, पण मागच्या बाजूला त्यांचा फोटो पाहिजे. आणि माझे वडील म्हणतात, ‘आपल्या गावची पोर हाय, तिच्यापासून पैसे कायले घेतं?’ पुस्तकाचं कव्हर मी कधीच केलं नाही. कसं करू?
– एक फ्लेक्सवाला

भाऊ,

कादंबरीची गोष्ट तुम्ही चार ओळींत नीट सांगितलीत. पण ती तुम्ही तिच्या तोंडून ऐकली आहे, वाचलेली नाही, असं मला तुमच्या तीन नमुन्यांवरून वाटतं. चुकत असेन तर माफ करा. बरोबर असेन तर दुकान दोन दिवस लवकर बंद करा आणि आधी सगळी कादंबरी वाचून काढा.

हे मी ठेच लागून शिकले. मी केलेल्या अगदी सुरुवातीच्या मुखपृष्ठांपैकी एक कादंबरी कापसाच्या पट्ट्यातली होती. मी मलपृष्ठाचा मजकूर तेवढा वाचला आणि चित्राला बसले. पऱ्हाटीच्या हिरव्या ओळी, त्यात बैलजोडी, बैलांमागं नांगर. पुस्तक छापून आलं आणि महिन्याभरात एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ होती : उभ्या पऱ्हाटीत नांगर घालणारा शेतकरी कोणत्या गावचा? उभ्या पिकाच्या ओळींमधून डवरा, म्हणजे तण काढायचं हलकं औत चालतं, हे मला ठाऊक होतं. शेतकऱ्याच्याच घरची मी. पण चित्र काढताना मी शेत आठवत नव्हते, शेताची आधी पाहिलेली चित्रं आठवत होते. लेखक मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

वाचताना हातात पेन्सिल असू द्या. प्रसंगांना हात लावू नका, वस्तूंखाली रेघा मारा. घागर, कार्ड, हापशी, फळा, चप्पल, जे जे येईल ते. एखादी वस्तू तीन-चारदा परत येते आणि दर वेळी तिचा अर्थ थोडा सरकलेला असतो. कव्हर बहुतेक तिथंच सापडतं. प्रसंग कव्हरवर मावत नाही, आणि मावला तरी वाचकाला तो आधीच सांगून टाकल्यासारखं होतं.

आता तुमचे नमुने. पहिल्यात लाल आभाळ, पडक्या उंच इमारती आणि डोक्यावरून टोपी ओढलेली पाठमोरी मुलगी. त्या इमारती कोणत्या गावच्या, भाऊ? तुम्ही सांगितलेल्या गोष्टीत शहर कुठंच येत नाही. डिस्टोपियन म्हटलं की पडद्यावर पाहिलेली मोडकी शहरं आठवतात, म्हणून ती आली. पण या मुलीनं उद्याचं वाईट जग आपल्या गावात आणून उभं केलंय. तिनं केलेलं सगळ्यात धाडसाचं काम तेच आहे, आणि कव्हरनं तेच पुसून टाकलं. तिनं मान हलवली ती यासाठीच, असं मला वाटतं. तिसऱ्या नमुन्यातली रक्त गळणारी अक्षरं भुताच्या गोष्टीची आहेत, ती सोडून द्या.

दुसऱ्या नमुन्याबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. भेगाळलेली जमीन, बैलाची कवटी, लिंबाच्या फांदीला फास.

भेगा आधी घेऊ. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. आपल्याकडं मार्च-एप्रिलात पाऊल अडकेल एवढ्या भेगा दर वर्षी पडतात आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की मिटतात. मधल्या काळात वरची माती भेगांत पडते आणि जमीन हळूहळू आपली आपण उलटीपालटी होते. म्हणजे भेग हे आपल्या जमिनीचं रोजचं वागणं आहे. शहरातला माणूस ती पाहून दुष्काळ म्हणेल, तुमच्या गावातला माणूस म्हणेल, उन्हाळा आला. ज्या चित्रानं गावातल्या माणसाच्या काळजात काही हलत नाही, ते या पुस्तकाचं कव्हर कसं होईल?

आणि तो फास काढून टाका. गेली वीस-पंचवीस वर्षं विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना हेच एक चित्र दिसतं, आणि त्यात आपण आता भर घालू नये. तुमच्या पंचक्रोशीत ज्या घरात हे घडलं असेल, त्या घरातलं पोरगं हे पुस्तक हातात घेणार आहे. कादंबरीत फास नसेल तर कव्हरवर तो येताच कामा नये. असला तरी मी तो कव्हरवर येऊ देणार नाही.

माझं माहेर पूर्णाकाठचं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं असलेला मुलूख, तुम्हाला मी काय सांगावा, तुम्ही त्यातच राहता. पण लहानपणीचं एक आठवतं. आमची विहीर कधी आटली नाही. उन्हाळ्यातही पाणी दिसायचं, स्वच्छ, थंड. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि माठाच्या बाहेरून पांढरा थर चढायचा, नखानं खरवडला तर भुकटी पडायची. पाहुणे आले की आई गोड्या पाण्याची वेगळी कळशी काढायची आणि आम्हाला डोळ्यानं दटावायची, यातलं तुम्ही प्यायचं नाही. खारपाणातली भीती ही अशी असते. पाणी समोर असतं, भरपूर असतं आणि आपलं नसतं. कोरड्या जमिनीच्या चित्रात ती येणार नाही.

या मुलीला ती कळलेली आहे, कारण वहीच्या मागच्या पानावर तिनं जे काढलंय ते तुमच्या तिन्ही नमुन्यांहून सरस आहे. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. हापशी, तिला दांडा नाही. दांड्याच्या जागी कार्ड घालायची खाच, खाचेकडं बाण काढून लिहिलंय, ‘कार्ड इथे’. शेजारी घागर घेऊन उभी मुलगी. तुमचं कव्हर याच पानावर आहे. फक्त त्यातलं बरंच काढून टाकायचंय.

मुलगी काढा. बाण आणि मजकूर काढा. खाचही काढा. खाच दिसली की चित्र कळतं, आणि कळलेलं चित्र माणूस लगेच खाली ठेवतो. नुसती हापशी दिसली, तोटी, पेटी, तीन पाय, सगळं जागच्या जागी आणि दांडाच नाही, तर माणूस थांबतो. रोज पाहिलेल्या वस्तूत एकच गोष्ट चुकलेली असली की डोळा परत परत तिथं जातो. दोन गोष्टी चुकवल्या तर ते कोडं होतं.

त्यासाठी हापशी खरी पाहिजे. गावोगावी दिसते ती बहुतेक ‘इंडिया मार्क टू’ जातीची, १९७० च्या दशकात आपल्या देशातच घडवलेली. ओट्यात रोवलेले तीन पाय, त्यावर खांब, पाण्याची पेटी आणि तोटी, वर डोकं, आणि त्या डोक्यातून बाहेर आलेला लांब दांडा. जवळ जाऊन पाहा, दांडा जिथून बाहेर येतो तिथं डोक्याला उभी फट असते आणि आत साखळी. म्हणजे दांडा काढला की फट आपोआप उरते. तिनं काढलेली कार्डाची खाच लोखंडात आधीपासूनच आहे! कादंबरी वाचून झाल्यावर ज्याला ती दिसेल त्याला दिसू द्या. आपण बोट दाखवायचं नाही.

शाळेजवळच्या किंवा गावठाणातल्या हापशीवर सकाळी उजाडताना जा. मोबाईल लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, म्हणजे हापशी थोडी वर बघावी लागेल अशी येईल. वीस-पंचवीस फोटो काढा. दुकानात येऊन त्यातल्या एकावरून रेघेचं चित्र करा, दांडा गाळून. तोटीखाली आणि ओट्यावर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर असेलच, तो नक्की घ्या. छपाईत पांढरा रंग वेगळा लागत नाही, तेवढा कागद मोकळा सोडायचा. मीठ म्हणून कोराच कागद दिसेल. मला ही गोष्ट फार आवडली, म्हणून दोन ओळी जास्त लिहिल्या.

प्रकाशकाच्या एआयचं उत्तरही यातच आलं. त्याला हापशी सांगितली तर तो कुठल्यातरी देशातला पंप देईल, आणि तो पंप तुमच्या गावातल्या कोणीही कधी हापसलेला नसेल. ज्या कादंबरीत गावापासून त्याचे शब्द काढून घेतले जातात, तिच्या कव्हरवर गावाची खरी वस्तू नसावी, हे मला पटत नाही. इंटरनेटवरून उचललेला कोणाचा फोटोही नको. तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि पोरीच्या पहिल्याच पुस्तकावर तंटा नको.

रंगाचं म्हणाल तर काळं कव्हर करू नका. वाईट काळाची गोष्ट म्हणून सगळे काळ्याकडं धावतात. मे महिन्यात दुपारी दोनला आपल्याकडचं आभाळ आठवा, ते निळंही नसतं आणि लालही नसतं, राखेत पिवळट मिसळल्यासारखं असतं. तोच रंग मागं, पातळ. त्यावर हापशी गडद, एकाच रंगात. याचा छपाईतही फायदा आहे. मोठ्या काळ्या पृष्ठावर मॅट लॅमिनेशन केलं की बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच दिसतात, आणि नुसत्या काळ्या शाईनं एवढी जागा भरली तर ती काळी न दिसता राखाडी दिसते.

आता अक्षरं. कादंबरीचं नाव तुम्ही कळवलंय, पण मी ते इथं छापत नाही. ते पहिल्यांदा तिच्या पुस्तकावरच छापलं जावं. दोन शब्द आहेत, एक जोडाक्षर आहे, त्यावरूनच बोलते. तुमच्या नमुन्यांत नाव मंगल टंकात आहे. मंगल र. कृ. जोशींनी घडवला, मोठ्या अक्षरकाराचं काम आहे ते, पण तो संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी केलेला आहे. कव्हरभर मोठा केला की त्याचा जीव पातळ होतो.

तुमच्याकडं याहून मोठी गोष्ट आहे. तुमचे वडील. पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ब्रशनं लिहिलेली ठसठशीत सरकारी अक्षरं असतात ना, ‘पाणी जपून वापरा’ छापाची? या कादंबरीतली कंपनी गावाशी त्याच अक्षरांत बोलेल. नाव वडिलांना कागदावर लिहायला सांगा. चपटा ब्रश, एकच रंग, अक्षर कमीत कमी चार इंच उंच, दहा-बारा वेळा लिहून घ्या. शिरोरेषा त्यांना एका ओढीत मारू द्या, ब्रश उचलताना शेवटी जो फाटका कडा उरतो तो साफ करू नका. मग सहाशे डीपीआयवर, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके धरून, स्कॅन करा. लेखिकेचं नाव मात्र साध्या छापील टंकात घ्या, मुक्ता किंवा बलू यांपैकी काहीही चालेल. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, पैसे लागत नाहीत. आणि तिचं नाव लहान करू नका. तुमच्या पहिल्या नमुन्यात ते कोपऱ्यात पडलंय.

मापं आता थोडक्यात, कारण तुम्हाला कामाची सवय आहे, फक्त फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघतात आणि पुस्तक हातभर अंतरावरून. पुस्तक डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. ३०० डीपीआयनं समोरची बाजू १६५० बाय २५५० पिक्सेल होते. फ्लेक्ससाठी चालणारी फाईल इथं फाटेल. समोर, पाठ (पुस्तकाच्या जाडीची पट्टी) आणि मागची बाजू एकाच फाईलमध्ये सलग, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा, सगळं सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशेबानं. तुम्ही १८४ पानं लिहिलीत, म्हणजे ९२ कागद. ७० जीएसएम मॅपलिथोचा, म्हणजे पुस्तकाच्या साध्या छपाईच्या कागदाचा, एक कागद साधारण ०.०९ मिमीचा, तर पाठ आठ-नऊ मिमीच्या आसपास येईल. पण या हिशेबावर विसंबू नका. ज्या कागदावर छपाई होणार त्याचीच कोरी डमी छापखान्यातून बांधून घ्या आणि पट्टी लावून पाठ मोजा. बांधणीत कव्हर मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडंतिकडं सरकतंच, म्हणून पाठीच्या कडेवर रंग बदलू नका. तोच राखी-पिवळा रंग समोरून मागंपर्यंत सलग जाऊ द्या, सरकलं तरी कळणार नाही. मागच्या बाजूला खाली आयएसबीएनच्या बारकोडसाठी पांढरी चौकट सोडा. आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर विचारा कशाचे.

आणि कोरलमध्ये मजकूर कर्व्ह करण्याआधी, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकण्याआधी, मलपृष्ठाचा शब्द न् शब्द तिच्याकडून तपासून घ्या. एकदा कर्व्ह झालं की ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. प्रकाशकाला फाईल ईमेलनं पाठवा. व्हॉट्सॲपनंच पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवली तर दाबली जाते.

पुढाऱ्यांचा फोटो मलपृष्ठावर येणार नाही. हे तिला सांगायला लावू नका, तुम्ही सांगा, त्यांचे फ्लेक्स तुम्हीच करता. आतल्या पानावर त्यांचे आभार नावानिशी छापावेत, त्यांनी मदत केली तर तो त्यांचा हक्कच आहे. आणि फोटो हवाच असेल तर प्रकाशन समारंभाच्या फ्लेक्सवर मोठा लावा. तो फ्लेक्स चौकात दिसेल, जास्त लोक पाहतील, त्यांना हे पटेल. नाही पटलं आणि दहा हजार गेले, तर पहिली आवृत्ती कमी प्रतींची काढा. मलपृष्ठावर तिचा फोटो आणि तिच्या गावाचं नाव असू द्या.

पैसे घ्या, भाऊ. वडिलांच्या मनातली माया मला कळते, पण प्रकाशक तिच्याकडून छपाईचा खर्च घेत असेल, तर त्या हिशेबात कव्हरची रक्कमही धरायला हवी. ती त्याच्याकडून मागा. रक्कम आणि किती वेळा बदल करून देणार, हे आधीच लिहून पाठवा, दोनदा पुरे. तिच्याकडून काही घ्यायचं नसेल तर घेऊ नका. पण पुस्तकाच्या आत ‘मुखपृष्ठ’ म्हणून तुमचं आणि ‘अक्षरलेखन’ म्हणून वडिलांचं नाव छापून घ्या. बारा वर्षं तुम्ही गावभर लोकांची नावं लावलीत.

तिच्या गप्प बसण्याचं सांगते. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता, ती तुम्हाला दादा म्हणत असेल. ‘आवडलं का?’ असं विचारलंत तर ती नाही म्हणणारच नाही. दोन नमुने शेजारी ठेवा आणि विचारा, ‘यातलं काय काढू?’ काढायला सांगणं तिला सोपं जाईल. मग बघा, ती थांबणार नाही.

छापखान्यातून पहिलं प्रूफ आलं की ते कापून कोऱ्या डमीवर चिकटवा आणि तिच्या आईच्या हातात द्या. बरोबर काही सांगू नका. ती पाणी भरून आलेली असेल तर फारच बरं. तिनं आधी लेकीचं नाव वाचलं, चित्राकडं पाहिलं आणि विचारलं, ‘हापशीचा दांडा कुठं गेला वं?’ तर त्याच दिवशी फाईल छपाईला पाठवून द्या.

तुमची,
ताई